न्यूझीलंडचे दक्षिण बेट : स्वतः गाडी चालवत दोन आठवड्यांची सहल कशी आखावी

न्यूझीलंडला जायचे ठरले की बहुतेक मराठी कुटुंबे पहिली चूक नकाशा समोर ठेवूनच करतात. देश लहान दिसतो, त्यामुळे आठ-दहा दिवसांत उत्तर आणि दक्षिण अशी दोन्ही बेटे उरकता येतील असे वाटते, आणि मग ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, ख्राइस्टचर्च आणि क्वीन्सटाउन ही सगळी नावे एकाच कागदावर कोंबली जातात. अशा सहलीत निम्मा वेळ विमानतळावर जातो आणि उरलेला निम्मा सामानाच्या बॅगा उघडण्यात व बांधण्यात. या लेखातील आखणी एकाच बेटाची, दक्षिण बेटाची आहे आणि तिला तेरा मुक्काम लागतात. त्याहून कमी रजा असेल तर जागा कमी कराव्यात. मुक्काम आखूड करून सगळ्याच जागांना धावती भेट देऊ नये.

दक्षिण बेटाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना उपयोगी पडेल. क्षेत्रफळाने हे बेट जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढे आहे, पण तिथे राहणारी माणसे आपल्या नाशिक शहरातील लोकसंख्येपेक्षा कमी आहेत. प्रवासाच्या बहुतेक व्यावहारिक अडचणी या एका गोष्टीतून निर्माण होतात. गावे विरळ, पेट्रोल पंप त्याहून विरळ, छोट्या गावांत उपाहारगृहाचे स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठलाच बंद, आणि मुख्य महामार्गसुद्धा बऱ्याच ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एकेक मार्गिका असलेला वळणावळणाचा रस्ता. नकाशावर दोनशे किलोमीटर दिसले की आपण द्रुतगती मार्गाच्या हिशेबाने दोन तास धरतो. तिथे तीन धरावेत, आणि वाटेत थांबण्याची हौस असेल तर चार.

कोणत्या महिन्यात जावे

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण रजेचे गणित मांडताना नेमके तेच विसरले जाते. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथला सरता शरद ऋतू. एप्रिलमध्ये ॲरोटाउन, वानाका या भागांत झाडे पिवळी-तांबडी झालेली असतात आणि ते दृश्य अप्रतिम असते. मात्र मे उजाडला की क्वीन्सटाउनला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गाडी चालवण्यासाठी उजेडाचे तास फार थोडे उरतात. डिसेंबरात तोच सूर्य रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळतो, परंतु नाताळपासून जानेवारीअखेरपर्यंत तिथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असल्याने खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव चढलेले असतात.

माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत सोयीचा काळ दिवाळीनंतरचा, म्हणजे नोव्हेंबरचा. तेव्हा तिथे वसंत असतो, डोंगरमाथ्यावर बर्फ शिल्लक असते, दिवस मोठे झालेले असतात आणि महिन्याच्या उत्तरार्धात टेकापोच्या परिसरात जांभळ्या-गुलाबी ल्युपिनचे ताटवे फुलू लागतात. (ही फुले मूळची तिथली नव्हेत. नद्यांच्या वाळवंटात ती बेसुमार पसरतात आणि तिथल्या पक्ष्यांची घरटी करण्याची जागा बळकावतात, म्हणून पर्यावरणाची काळजी वाहणारी मंडळी त्यांना तणच समजतात. छायाचित्रे जरूर काढावीत, बी मात्र खिशात घालू नये.) ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी तिथे कामगार दिनाची सुट्टी असते आणि जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी स्थानिक लोकच मोठ्या संख्येने बाहेर पडतात, ते तीन दिवस टाळलेले बरे.

व्हिसा, विमान आणि विमा

भारतीय पारपत्रधारकांना प्रवासापूर्वी व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि व्हिसाही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात येतो. न्यूझीलंड सोडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पारपत्र वैध असावे लागते. खर्चाची तरतूद दाखवताना माणशी दरमहा १,००० न्यूझीलंड डॉलर, किंवा राहण्याचे पैसे आधीच भरले असल्यास ४०० डॉलर, असा हिशेब धरला जातो. मराठीतील कोणतेही कागदपत्र जोडायचे असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे लागते. व्हिसाच्या शुल्काबरोबरच पर्यटकांवरील आकार भरावा लागतो. तो पूर्वी ३५ डॉलर होता आणि ऑक्टोबर २०२४ पासून १०० डॉलर झाला आहे. चार माणसांच्या कुटुंबाला हा आकडा जाणवतो, म्हणून अंदाजपत्रकात तो आधीच लिहून ठेवावा. निर्गमनाच्या किमान दोन महिने आधी अर्ज करणे शहाणपणाचे आहे.

मुंबईहून ख्राइस्टचर्चला जाताना एकदा तरी विमान बदलावे लागते आणि सिंगापूरमार्गे जाणे सर्वांत सरळ पडते. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे तिकीट स्वस्त दिसले तर एक गोष्ट तपासावी : केवळ विमान बदलण्यासाठी उतरायचे असले तरी भारतीय प्रवाशांना ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याचे शुल्क नसते, पण तो नसेल तर मुंबईच्याच काउंटरवर प्रवास थांबतो.

विम्याबाबत एक गैरसमज आढळतो. न्यूझीलंडमध्ये अपघातातील दुखापतीच्या उपचारांना सरकारी योजनेचा आधार परदेशी पाहुण्यांनाही मिळतो, हे खरे आहे. परंतु ताप, हृदयविकार, पोटदुखी अशा आजारांना ती योजना लागू नाही, आणि परतीचे तिकीट चुकल्यास किंवा रुग्णाला भारतात आणावे लागल्यास ती काहीही देत नाही. आईवडील सोबत असतील तर त्यांचे जुने आजार स्पष्ट नोंदवूनच प्रवासविमा घ्यावा. त्यांची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती न्यावीत.

विमानतळावरची झडती : फराळाच्या डब्याचे काय करावे

या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण दिवाळीनंतर निघणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात फराळ असणारच.

न्यूझीलंडच्या भूमीवर वटवाघळे सोडली तर मूळचा सस्तन प्राणी नव्हता. शिकारी जनावरे नसल्यामुळे तिथले अनेक पक्षी उडणेच विसरले, आणि बाहेरून आलेल्या उंदीर-मुंगसासारख्या प्राण्यांनी त्यांची वाताहत केली. शिवाय देशाची कमाई मोठ्या प्रमाणावर दूध, मांस आणि फळबागा यांवर उभी आहे. त्यामुळे बाहेरून येणारे बी, कीड किंवा रोगजंतू यांची त्या देशाला धास्ती असते आणि विमानतळावरची झडती हा तिथे निव्वळ उपचार नसतो.

प्रवास सुरू करण्याच्या आधीच्या २४ तासांत प्रत्येक प्रवाशाने न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन हा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. तो विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे. त्यात खाद्यपदार्थ, लाकडी वस्तू, वनस्पती, औषधे, वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणि तंबू यांबद्दल प्रश्न असतात. कोणत्याही प्रश्नाबाबत मनात शंका आली तर ‘होय’ असेच उत्तर द्यावे. जाहीर केलेली वस्तू अधिकाऱ्याला अयोग्य वाटली तर फार तर ती काढून घेतली जाते आणि आपण पुढे जातो. तीच वस्तू न सांगता सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. विमानात दिलेले सफरचंद पर्समध्ये विसरून राहिले, ही सबब चालत नाही.

ताजी फळे, कढीपत्ता, हाराची फुले, मध आणि अंकुरू शकणारे कोणतेही बी घरीच ठेवावे. दुधाच्या मिठाया नेण्याचा मोहही टाळावा. कारखान्यात बंद केलेली, घटकांची इंग्रजी यादी छापलेली पाकिटे तपासायला सोपी जातात. घरचा फराळ न्यायचाच असेल तर तो पारदर्शक डब्यांत, सर्वांत वरच्या बॅगेत आणि एकत्र ठेवावा, म्हणजे चार बॅगा उपसाव्या लागत नाहीत. आमच्या आईने चकल्यांच्या डब्यात, त्या मऊ पडू नयेत म्हणून, कापडात बांधलेली तांदळाची पुरचुंडी घातली होती. ती आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. खाद्यपदार्थ आहेत असे आम्ही आधीच जाहीर केले होते म्हणून निभावले. अधिकारी बाईंनी पुरचुंडी सोडून तांदूळ पांढऱ्या ताटलीत पसरले, भिंगाखाली पाहिले, ते टोपलीत टाकले आणि चकल्या परत दिल्या. “ह्यांना म्हणावं, एक खाऊन बघा,” आई म्हणाली. ते भाषांतर मी केले नाही.

बुटांच्या तळव्यात सह्याद्रीची माती असेल तर तीही तिथे पोहोचू देत नाहीत. निघण्यापूर्वी बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावेत. ते स्वच्छ असले तरी जाहीर मात्र करावे लागतात.

गाडी कशी घ्यावी आणि कशी चालवावी

दक्षिण बेटावर सार्वजनिक वाहतूक आहे, पण ती गावातून गावात नेते. दोन गावांच्या मधले जे पाहायला आपण आलो तिथे ती थांबत नाही. त्यामुळे स्वतः गाडी चालवणे श्रेयस्कर. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, ही मोठी सोय आहे. महाराष्ट्राचा स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजीत असल्याने अल्प मुक्कामाच्या पर्यटकाला तो चालतो. तरीही परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून जवळ ठेवावा, कारण काही गाडी-कंपन्या तो मागतात. मूळ परवाना बरोबर हवाच. मोबाइलमधील छायाचित्र पुरत नाही.

गाडी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विम्यातील स्वतःच्या खिशातून भरावयाची रक्कम. रोजचे भाडे स्वस्त दिसते तिथे ही रक्कम काही हजार डॉलरपर्यंत असू शकते, आणि ती शून्यावर आणण्यासाठी रोज वेगळा आकार द्यावा लागतो. अनोळखी रस्ते आणि उडणारी खडी पाहता तो आकार देणे मला योग्य वाटते. दुसरी, अनामत रक्कम. ती बहुधा क्रेडिट कार्डावर रोखून ठेवली जाते आणि ते कार्ड चालकाच्याच नावाचे असावे लागते. तिसरी, इंधन. डिझेलच्या गाडीला किलोमीटरप्रमाणे वेगळा रस्ताकर पडतो, त्यामुळे पंपावरचा कमी भाव फसवा ठरतो. लहान मूल असेल तर त्याची आसनव्यवस्था गाडीबरोबरच नोंदवावी. सात वर्षे पूर्ण होईपर्यंत ती कायद्याने सक्तीची आहे.

मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा साधारणपणे ताशी १०० किलोमीटर आणि गावात ५० असते. शंभरची परवानगी आहे म्हणजे शंभरने जावे असे नव्हे. वळणाआधी पिवळ्या पाटीवर सुचवलेला वेग लिहिलेला असतो, आणि पाटीवर ३५ लिहिले असेल तर ते वळण खरोखर ३५चेच असते. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, आणि तिथे ते सर्वजण पाळतात, म्हणून गाडीचे नाक हळूहळू पुढे घालण्याची आपली सवय अपघाताला आमंत्रण देते. मागे गाड्यांची रांग साचली तर डावीकडची मोकळी जागा पाहून बाजूला व्हावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे.

एकेरी पूल हा प्रकार आपल्याला थोडा नवा आहे. नदीवर एकच गाडी जाईल एवढा पूल असतो आणि दोन्ही टोकांना पाट्या असतात. निळ्या चौकोनी पाटीवर आपल्या दिशेचा बाण मोठा असेल तर आपला हक्क पहिला; लाल वर्तुळात आपला बाण छोटा आणि लाल असेल तर समोरच्याने पूल ओलांडेपर्यंत थांबायचे. हक्क आपला असला तरी वेग कमी करून समोर कोणी पुलावर आधीच चढले नाही ना, हे पाहावे. तिथे हॉर्न कोणी वाजवत नाही. थांबलेल्या माणसाला पुलावरून येणारा चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून धन्यवाद देतो. दोन दिवसांत आपलेही बोट आपोआप वर जाऊ लागते.

उतरल्या दिवशी लांबची गाडी अजिबात चालवू नये. नोव्हेंबरमध्ये तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते. म्हणजे त्यांचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्या शरीरात पहाटेचे अडीच वाजलेले असतात.

मार्ग आणि मुक्काम

पहिली रात्र ख्राइस्टचर्चमध्ये काढावी. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात या शहरात १८५ माणसे गेली आणि शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर जपानी वास्तुविशारद शिगेरु बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून उभारलेले तात्पुरते कॅथेड्रल आणि शहराचे वनस्पतिउद्यान एवढे पायी पाहिले तरी दिवस भरतो. किराणाही याच दिवशी भरावा. तांदूळ, डाळ, मसाले भारतीय दुकानांत मिळतात, आणि दूध, दही, भाज्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये. मुक्कामासाठी हॉटेलऐवजी मोटेल निवडावे, कारण मोटेलच्या खोलीला बहुधा छोटे स्वयंपाकघर असते. शाकाहारी कुटुंबाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील टेकापोला जावे आणि तिथे दोन रात्री राहावे. सरोवराचा रंग दुधात निळी कालवल्यासारखा दिसतो. हिमनद्या खडकावर घासत सरकतात तेव्हा त्याची पिठासारखी बारीक पूड होते, ती पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यावर प्रकाश विखुरल्याने हा रंग येतो. काठावर १९३५ साली बांधलेले दगडी चर्च आहे. तिथे गर्दी टाळायची असेल तर सकाळी सातच्या आत पोहोचावे. परंतु दोन रात्री राहायचे ते आकाशासाठी. टेकापो आणि माउंट कुक यांचा परिसर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय तमोआकाश राखीव क्षेत्र आहे. तिथले रस्त्यावरचे दिवेही झाकलेले आणि खाली तोंड केलेले असतात. एका रात्री ढग आले तर दुसरी रात्र हाताशी असावी.

इथे आमची चूक सांगतो. आम्ही सगळी आरक्षणे केली, पण पंचांग पाहिले नाही, आणि टेकापोला पोहोचलो तो दिवस कार्तिकी एकादशीचा निघाला. उपवासाचा प्रश्न आला नाही, कारण तिथे कुमारा नावाचे रताळे सगळीकडे मिळते. माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी ते समुद्रमार्गे आणले, आणि उकडून तूप-मीठ लावले की चव घरचीच. पण एकादशीचा चंद्र आकाशात एवढा मोठा की आकाशगंगा दिसेना. तो मावळेपर्यंत मध्यरात्र कधीच उलटली होती. म्हणून टेकापोचा मुक्काम अमावस्येच्या मागेपुढे चार-पाच दिवसांत बसवावा आणि बाकीचा मार्ग त्याभोवती रचावा. नोव्हेंबरमध्ये पुरता अंधार व्हायला रात्रीचे साडेदहा-पावणेअकरा वाजतात. त्या वेळी ईशान्येकडे पाहावे. आपल्या ओळखीचे मृग नक्षत्र तिथे चक्क उलटे टांगलेले दिसते.

तिथून माउंट कुक गाव शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेतील आयरिशमन क्रीक या मेंढपाळी वसाहतीत विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात उथळ नद्यांत धावणारी जेट बोट विकसित केली, आणि तसल्याच बोटींतून १९७७ साली एडमंड हिलरी आपल्या गंगेतून उगमाच्या दिशेने निघाले होते. पुढे १९८० च्या दशकात ते न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीतही राहिले. त्यांची गिर्यारोहणाची उमेदवारी ज्या शिखरांवर झाली त्यांत ३,७२४ मीटर उंचीचे माउंट कुक महत्त्वाचे. माओरींच्या न्गाई ताहू समाजाला हा पर्वत पूर्वजाच्या ठिकाणी आहे आणि १९९८ पासून त्याचे अधिकृत नाव ‘आओराकी / माउंट कुक’ असे जोडून लिहिले जाते.

गावातील खोल्या मोजक्या आणि महाग असतात. त्या न मिळाल्यास तासाभरापेक्षा कमी अंतरावरील ट्वायझल गावात दोन रात्री राहावे. हूकर खोऱ्यातील पायवाट जाऊन-येऊन सुमारे दहा किलोमीटरची, जवळजवळ सपाट आणि साठीतल्या माणसालाही जमेल अशी आहे. दुसऱ्या झुलत्या पुलाच्या कामामुळे २०२५ मध्ये ती अर्धवटच खुली होती, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर तिची स्थिती पाहावी. वारा हा इथला खरा शत्रू आहे. गाडीचे दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे. वाऱ्याने उलटे फिरून बिजागरीत वाकलेल्या दाराचा खर्च काही विमे देत नाहीत.

लिंडिस खिंडीतून वानाकाला एक रात्र आणि तिथून क्राउन रेंजच्या घाटाने क्वीन्सटाउनला दोन रात्री. हा घाट हजार मीटरहून उंच जातो. बर्फ पडले असेल तर त्याऐवजी क्रॉमवेलवरून वळसा घ्यावा. क्वीन्सटाउनबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. गाव देखणे आहे, १९१२ सालची कोळशावर चालणारी अर्नस्लॉ आगबोट अजूनही सरोवरात फिरते आणि तिच्या इंजिनघरातील भट्टीत कोळसा टाकणारी माणसे वरून पाहता येतात, हे सगळे खरे. पण गर्दी आणि भाव पाहता दोन रात्री पुष्कळ झाल्या. उंचावरून दोरीला बांधून उडी मारण्याची हौस असेल तर १९८८ मध्ये जिथे हा व्यवसाय सुरू झाला तो कावाराऊ नदीवरील ४३ मीटर उंचीचा पूल जवळच आहे. उडी मारणाऱ्यांना पाहणे फुकट असते.

मिलफर्ड साऊंड : एका दिवसाचे नीट नियोजन

क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साऊंड या कड्यांनी वेढलेल्या खाडीला एका दिवसात जाऊन येण्याच्या सहली विकल्या जातात. एका बाजूचा रस्ता चार तासांचा आहे, म्हणजे दिवसातले आठ तास आसनावर. त्याऐवजी क्वीन्सटाउनपासून दोन तासांवरील टे अनाऊ गावात दोन रात्री राहावे. तिथून मिलफर्ड ११९ किलोमीटर आहे. क्वीन्सटाउनच्या बसगाड्या दुपारी बाराच्या आसपास पोहोचतात. टे अनाऊहून सकाळी साडेसहाला निघालेला माणूस तोपर्यंत नऊ-साडेनऊची बोट करून मोकळा झालेला असतो.

आदल्या रात्री चार गोष्टी कराव्यात : इंधनाची टाकी पूर्ण भरावी, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, डबा करून ठेवावा आणि रस्ता उघडा आहे का ते पाहावे. बहुतेक वाटेवर मोबाइलला संपर्क नसतो आणि मिलफर्डला खाण्याची सोय जेमतेम आहे. साधारण मे ते नोव्हेंबर या काळात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने रस्ता बंद होऊ शकतो आणि पाटी लागली असेल तेव्हा चाकांच्या साखळ्या जवळ बाळगाव्या लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी हे गृहीत धरावे.

वाटेत १.२ किलोमीटर लांबीचा होमर बोगदा लागतो. १९३५ मध्ये मंदीच्या काळात बेकार झालेल्या मजुरांकडून त्याचे काम सुरू झाले आणि तो वाहनांसाठी खुला व्हायला १९५४ उजाडले. आतला खडक बराचसा उघडाच आहे, पाणी ठिबकते आणि मिलफर्डच्या बाजूला बोगदा उतरत जातो. गर्दीच्या मोसमात तोंडाशी सिग्नल असतो आणि थांबावे लागते. तिथेच किआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट गाडीवर येऊन बसतात. एक किआ आमच्या टपावर उतरला, मान वाकडी करून त्याने काचेतून मुलीकडे पाहिले, आणि मग अत्यंत शांतपणे, शिंप्याने उसवण काढावी तशी, काचेच्या कडेची रबरी पट्टी चोचीने ओढू लागला. अशा वेळी हाकलण्यासाठी काच खाली करू नये आणि खायला तर मुळीच देऊ नये. सिग्नल हिरवा होईल तेव्हा हळूच गाडी पुढे घ्यावी. तो उडून मागच्या गाडीवर जातो.

मिलफर्डच्या नावात ‘साऊंड’ असले तरी तो फिओर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्राचे पाणी शिरून झालेली खाडी. माओरी भाषेत त्याला पिओपिओताही म्हणतात. वर्षाला जवळजवळ सात मीटर पाऊस तिथे पडतो; आंबोलीच्या जातीचा पाऊस, फक्त थंड. त्यामुळे पाऊस लागला म्हणून सहल रद्द करू नये. कोरड्या दिवशी दोन मोठे धबधबे दिसतात. पावसात प्रत्येक कड्यावरून शेकडो धारा उतरतात आणि वारा त्यांतल्या काहींना अर्ध्यावरूनच परत वर उडवतो, जसे आपल्याकडे नाणेघाटात होते. दीड-दोन तासांची बोट पुरेशी आहे. उघड्या डेकवर उभे राहायचे असेल तर जलरोधक जाकीट आणि अर्धी चड्डी घालणे सोयीचे, कारण भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही.

धक्क्याजवळ उभे राहिले की बारीक काळ्या चिलटांचा हल्ला होतो. माओरी कथेप्रमाणे ही जागा इतकी सुंदर घडली की माणसे इथेच रमून बसतील या काळजीने मृत्यूच्या देवीने ही चिलटे इथे सोडली. चालत राहणाऱ्याला ती सहसा चावत नाहीत. पायांना घोट्यापर्यंत झाकणारे मोजे घालावेत आणि कीटक दूर ठेवणारे मलम टे अनाऊलाच घ्यावे.

परतीचा रस्ता

टे अनाऊहून चार तासांच्या अंतरावरील डनीडन येथे एक रात्र. १८४८ मध्ये स्कॉटिश वसाहतकारांनी वसवलेले हे शहर आहे आणि त्याचे नावच एडिनबरा या शहराच्या गेलिक (स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतील) नावावरून घेतलेले आहे. शहरालगतच्या द्वीपकल्पाच्या टोकाला तैआरोआ हेड येथे रॉयल अल्बाट्रॉस घरटी करतात. जवळजवळ तीन मीटर पंखविस्ताराचा तो पक्षी डोक्यावरून जाताना सावली पडते. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघून मोएराकीच्या किनाऱ्यावरील गोल शिळा ओहोटीच्या वेळी पाहाव्यात. भरतीत त्यांतल्या बऱ्याच पाण्याखाली जातात. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहून त्याप्रमाणेच डनीडन सोडावे.

ती रात्र ओमारूला काढावी. तिथे संध्याकाळी वीतभराहून थोडे उंच, किलोभर वजनाचे निळे पेंग्विन दिवसभराची मासेमारी आटोपून समुद्रातून थव्याने परततात. अंधार पडता पडता ते दगडांवरून घसरत, धडपडत वर येतात आणि मध्येच सगळे थबकून उभे राहतात. बसण्याची जागा तिकीट काढून आरक्षित करावी लागते. छायाचित्रणाला सक्त मनाई आहे, आणि ते एका अर्थी बरेच आहे. वारा बोचरा असतो, म्हणून लोकरीची टोपी न्यावी.

ओमारू ते ख्राइस्टचर्च सव्वातीन तासांचा सपाट रस्ता आहे आणि त्यात पाहण्यासारखे फारसे नाही. सकाळी लवकर निघून दुपारी पोहोचावे. शेवटची रात्र तिथे काढण्याचे कारण एवढेच की वाटेत रस्ता बंद झाला तरी विमान चुकू नये. गाडी परत देताना विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरून पावती जपून ठेवावी, गाडीच्या चारही बाजूंची, टपाची आणि काचेची छायाचित्रे दिवसाउजेडी काढावीत, कंपनीचा माणूस समोर असतानाच ती त्याला दाखवावीत, आणि काचेच्या कडेची रबरी पट्टी किआने कुरतडली असेल तर त्याने विचारण्याआधी आपणच सांगून टाकावे.